कोरं मडकं

"अहो बाई, त्याला शेळीसुद्धा तोंड लावत न्हाई. तुम्ही काय करून राहिल्या?"

मी दचकून वळले. लोहा गावाच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या एका बांधावर मी निरगुडीच्या फांद्या कापत होते. मागे मोटारसायकल बंद करून एक तरुण उभा होता. हसू दाबायचा त्याचा प्रयत्न चालला होता, पण जमत नव्हता.

"शेळीला बुरशीची काळजी नसेल," मी म्हणाले. "मला आहे."

"कुठं लागली बुरशी?"

"ज्वारीला."

"अन् शिक्षा निरगुडीला? ती पण... आमच्या बांधावरच्या?"

मी ओशाळले. मग सगळं सांगितलं. मी सौदामिनी, नांदेडला वनस्पतिशास्त्रात संशोधन करते. साठवलेल्या धान्यावरची बुरशी पाल्याच्या अर्काने थांबते का, ते तपासते. त्याने मन लावून ऐकलं. मग माझ्या हातातली कात्री घेतली आणि "एवढ्यानं काय होतंय?" म्हणत भाराभर फांद्या कापून गाडीला बांधल्या. मला बसस्टँडवर सोडलं तेव्हा माझ्या ओढणीला निरगुडीचा तो उग्र, कडवट वास लागला होता. घरी गेल्यावर मी ओढणी धुवायला टाकली नाही.

त्याचं नाव सत्यम.

प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत निरगुडीच्या अर्काने बुरशी अडवली होती. पण बशी म्हणजे घर नव्हे. मला खरं घर हवं होतं, पावसाळ्यातली ओल असलेलं. सत्यमने आपलं कोठीघर देऊ केलं.

श्रावणाच्या सुरुवातीला मी तिथे तीन मडकी मांडली. तिन्हींतल्या ज्वारीला सारखीच ओल दिली. एकाला निरगुडीचा अर्क, दुसऱ्याला कडुनिंबाचा. तिसऱ्याला काहीच नाही. ते कोरं मडकं.

"म्हणजे ह्यातली ज्वारी मुद्दाम सडवायची?" सत्यमची आई, चांगुणामावशी, तोंडाला पदर लावून म्हणाल्या.

"एवढ्या एकाच मडक्यातली, मावशी. ही सडली तरच कळेल की बाकीची अर्काने वाचली. नाहीतर लोक म्हणतील, ती तशीही टिकलीच असती."

"कळलं," सत्यम गंभीरपणे म्हणाला. "कोऱ्या मडक्याला हात लावायचा न्हाई."

त्याला खरंच कळलं होतं. हे लक्षात ठेवायला हवं.

पुढची चूक मात्र माझीच. माझी मैत्रीण मालविका लातूरला ओवा आणि लवंग यांच्या अर्कांवर काम करत होती. तिला जागा मिळेना, तेव्हा मीच म्हणाले, "माझ्याबरोबर लाव की." ती आपली मडकी घेऊन आली आणि पहिल्याच दिवशी कप हातात घेऊन म्हणाली, "सत्यमराव, तुमच्याकडे चहात साखर घालतात की साखरेत चहा?"

तो खळखळून हसला. मी मडक्यांची झाकणं सरळ करत बसले. ती आधीच सरळ होती.

त्यानंतर फोटो सुरू झाले. मालविका रोज लातूरहून फोन करायची. "अगं, सत्यमने आज पुन्हा फोटो पाठवला! माझ्या कोऱ्या मडक्यात बघ कशी हिरवी मखमल पसरलीय. खाली लिहिलंय, 'तुमची बाग फुलली.' गोड आहे नं?"

"गोड आहे," मी म्हणायचे.

मला एकही फोटो येत नव्हता. शेवटी मीच फोन केला.

"माझ्या कोऱ्या मडक्याचं काय?"

"बरं हाय."

"बरं म्हणजे?"

"...बरं म्हणजे बरं. तुम्ही जेवल्या का?"

तिला बाग, आणि मला जेवण! बुरशी उगवायला किती ओल पुरते, हे मला तोंडपाठ होतं. मत्सराला त्याहून कमी लागते, हे तेव्हा समजलं. एक हिरवा फोटो पुरतो. मी मालविकाचे फोन उचलायचं टाळू लागले. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या 'तुमची बाग' या दोन शब्दांची इतकी चिरफाड केली, की तेवढ्यात माझा एखादा निबंध लिहून झाला असता. आणि निबंध लिहायचाच होता. लातूरच्या चर्चासत्रात मला निष्कर्ष मांडायचे होते.

मडकी उघडायला आम्ही गेलो तेव्हा गौरी-महालक्ष्म्या नुकत्याच उठल्या होत्या. घरात अजून हळदीकुंकवाचा आणि तळणीचा वास होता. मालविका सत्यमशेजारी जाऊन उभी राहिली. मी दाराशी.

तिची अर्काची मडकी स्वच्छ निघाली. कोरं उघडलं आणि कुबट वासाने आम्ही तिघेही मागे सरलो. आत हिरवा-काळा थर. मालविकाने टाळ्या वाजवल्या. "झालं माझं काम!"

मग माझी. निरगुडीची ज्वारी स्वच्छ. कडुनिंबाची स्वच्छ. कोरं मडकं...

तेही स्वच्छ. दाणे मोत्यासारखे पांढरे, खडखडीत वाळलेले.

म्हणजे माझ्या अर्कांनी काहीच सिद्ध केलं नव्हतं. मी मडक्यात कोपरापर्यंत हात घातला. तळाशी काहीतरी कुरकुरीत लागलं. बाहेर काढलं, तर निरगुडीचं वाळलेलं पान.

"हे कुणी घातलं?"

सत्यम आढ्याकडे बघू लागला.

"तुम्ही..." मी पान त्याच्यापुढे धरलं. "तिचा प्रयोग नीट होऊ दिलात. फोटो तिला, थट्टा तिच्याशी. आणि माझा प्रयोग तेवढा—"

"अवं, तसं न्हाई..."

"मग कसं?"

तेवढ्यात चांगुणामावशी महालक्ष्म्यांच्या फुलोऱ्यातल्या करंज्या घेऊन आल्या. "त्या मडक्याचं इचारून राहिली का? बाई, लई सेवा केली ह्यानं त्याची! जरा ऊन पडलं की ते एकच मडकं घिऊन अंगणात. पसरायचं, चाळवायचं, पुन्हा भरायचं. मी म्हणलं, शेजारचं बी सडून राहिलं, ते बी आण की रे. तर म्हणतो कसा, ते न्हाई माय, ते प्रयोगाचं हाय!"

करंज्यांचं ताट ठेवून मावशी आत गेल्या. मालविकाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एवढे फोटो यायचे," ती हळूच म्हणाली, "मला वाटलं... जाऊ दे. हा नुसती बुरशी बघत होता." तिने एक करंजी उचलली. "माझी ज्वारी सडली, तुझी उन्हात बसली. आणि जळत होतीस तू?"

माझे कान तापले. मी सत्यमला म्हणाले, "मी समजावून सांगितलं होतं. ते सडायलाच हवं होतं."

"समजलं होतं की. म्हणूनच मालविकाताईंचं सडू दिलं."

"ताई!" मालविका करंजीतून पुटपुटली.

"मग माझं का नाही?"

"एक दिवस झाकण काढलं. कडेनं पांढरी जाळी धरली होती. तुम्ही ज्वारी भरताना एक दाणा सांडू दिला न्हवता... मला बघवलं न्हाई. म्हणलं, आजच्या दिवस ऊन दाखवू. दुसऱ्या दिवशी बी तसंच झालं. मग पाला घातला. फोटो काय पाठवू? खोटं बोलता येईना, म्हणून जेवणाचं इचारायचो."

रागवायला माझ्याकडे भरपूर कारण होतं. अख्खा पावसाळा वाया गेला होता. "हा प्रयोग बाद," मी म्हणाले. "लातूरला मला उभं राहून सांगावं लागेल, माझ्याकडे निष्कर्ष नाहीत."

त्याचा चेहरा पडला. "माझ्यामुळं."

"हो, तुमच्यामुळे. पुढच्या पावसाळ्यात सगळं पुन्हा लावायचं."

"...कुठं?"

एवढा छोटा प्रश्न इतका घाबरून विचारलेला मी कधी ऐकला नव्हता.

"इथेच. पण कोरं मडकं मी नांदेडला नेणार. तुमचा भरवसा नाही."

"दुसऱ्या जागी नेलंस तर पुन्हा बाद," मालविका म्हणाली. "सगळी मडकी एकाच छपराखाली हवीत. शिकवू का तुला?"

मला ते माहीत होतं. ती अट मी दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकायची वाट बघत होते. मुठीतलं पान चुरगळलं होतं, त्याचा कडवट वास बोटांना लागला होता.

"मग ते इथेच राहील," मी म्हणाले. "आणि... त्याच्यावर लक्ष ठेवायला मीही."

"म्हणजे पावसाळाभर?"

"पावसाळ्यानंतर हिवाळा येतो," मी म्हणाले. "धान्य वर्षभर साठवतात."

त्याच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग बांधावरचं ते हसू आलं. या वेळी त्याने ते दाबलं नाही.

"मग... मायला सांगू?"

"सांगू नको," आतून चांगुणामावशींचा आवाज आला. "ऐकून राहिले मी."