एकाच गाडीचे तीन आकडे

एकाच गाडीच्या बॅटरीचे पडद्यावरच्या एकाच पानावर तीन वेगळे आकडे कसे काय दिसतील?

यामिनीने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. वरच्या पट्टीत बासष्ट टक्के, नकाशावर एकोणीस, आणि खालच्या यादीत तर ‘चार्जिंग चालू’. प्रत्यक्षात ती गाडी वस्तीसाठी बर्फ आणणाऱ्या फिलोमिनामावशींना घेऊन एका विवरात उतरली होती. तिथे कधीच ऊन पडत नाही, म्हणून तिथे बर्फ मिळतो. चंद्रावरच्या त्यांच्या वस्तीचं सगळं पाणी त्या बर्फातून यायचं.

“नाना, हे बघा ना.”

यामिनीचे आजोबा, नाना देऊळकर, खुर्चीतून जड अंगाने उठले. वस्तीचं कामकाज या वेबपानावर चालायचं आणि ते सांभाळायला आता ते एकटेच उरले होते. बाकीचे केव्हाच पृथ्वीवर परतले होते.

“पुन्हा बिघडलं,” ते म्हणाले. “एक दुरुस्त करावं, तर दुसरं निघतं.”

तेवढ्यात रेडिओवर मावशींचा आवाज आला. “नाना, गाडीतल्या पडद्यावरही असंच दिसतंय. बासष्ट धरू की एकोणीस? बासष्ट असेल तर अजून थोडा बर्फ भरते. एकोणीस असेल तर माझं घरी पोचणं कठीण आहे.”

यामिनी पडद्यावरून नजर हलवत नव्हती.

“नाना, नकाशावर आत्ता अठरा झाले. पट्टीतला आकडा हललाच नाही.”

नाना ताठ झाले. “म्हणजे नकाशाला गाडीकडून खबर मिळतेय, पट्टीला नाही. फिलोमिना, अठराच धर. बर्फ तिथेच टाक, गाडी हलकी कर आणि पूर्वेच्या कड्यावर चढ. तिथे ऊन आहे. सोलर पॅनेल उघडून थांब.”

“बर्फ टाकू? सकाळपासून खणतेय, नाना.”

“टाक.”

गाडी रखडत चढली. मावशी कड्यावर पोचल्याचं रेडिओवर कळलं. मग यामिनीने विचारलं, “असं होतंच कसं?”

“हे पान अखंड नाही. त्याचे घटक (पानाचे वेगवेगळे काम करणारे तुकडे) आहेत,” नाना सांगू लागले. “प्रत्येक घटक आपली स्थिती (एखादी गोष्ट या क्षणी कशी आहे, ती माहिती) लक्षात ठेवतो. पट्टीने पान उघडतानाचा आकडा घेतला आणि तोच धरून बसली. गाडी चार्जरला लावली हे यादीला कळलं, काढली ते कळलंच नाही.”

“मग नकाशाने त्यांना सांगायचं.”

“तेच तर करत आलो. नकाशाने पट्टीला सांगायचं, पट्टीने यादीला. मध्ये नवा घटक घातला की निरोप कुठेतरी अडतो, आणि मी तो शोधत बसतो. थकलो गं मी.”

यामिनीने पडद्याकडे बोट केलं. “पण बॅटरी तर एकच आहे. तिचा आकडा तिघांनी कशाला लक्षात ठेवायचा? एकाच जागी ठेवावा, बाकीच्यांनी नुसता बघावा.”

नानांनी तिच्याकडे पाहिलं. “त्याला सामायिक स्थिती (अनेक घटकांना लागणारी, पण एकाच ठिकाणी ठेवलेली माहिती) म्हणतात. करायचं तेच होतं. सगळं उसवून पुन्हा शिवायचं बळ नव्हतं.”

“आता आपण दोघं आहोत ना.”

ती दोघं कामाला लागली. सामायिक माहितीसाठी त्यांनी एक भांडार केलं. कोणत्याही घटकाने तिथला आकडा परस्पर बदलायचा नाही, फक्त विनंती पाठवायची. बदल भांडार करणार आणि जे जे तो आकडा बघतात त्यांना कळवणार. निरोपांच्या साखळ्या नानांनी एकेक करून काढून टाकल्या.

उत्साहाच्या भरात यामिनीने नकाशा किती मोठा दिसावा, तेही भांडारात टाकलं. पान अडखळायला लागलं.

“आता काय झालं?”

“तू नकाशा मोठा केलास की भांडार बदलतं, आणि आपल्या पानाचे सगळे घटक स्वतःला नव्याने रंगवत बसतात. नकाशाच्या आकाराशी यादीला काय देणंघेणं? जे एकालाच लागतं, ते त्याच्यापाशीच राहू दे.”

तिने ते परत नकाशाकडे दिलं. पान पुन्हा सुरळीत चालू लागलं. मग त्यांनी ते गाडीकडे पाठवलं.

“मावशी, किती दिसतंय?”

“तिन्हीकडे एकतीस. यादीत चार्जिंग चालू, आणि ते खरंच चालू आहे. जीव भांड्यात पडला बघ.”

परतण्यापुरती बॅटरी भरल्यावर मावशी आल्या, रिकाम्या हाताने. वस्तीला दुसऱ्या दिवशी पाणी जपून वापरावं लागणार होतं. बूटही न काढता त्या दाराशी बसल्या. यामिनीने त्यांना गरम सूप दिलं.

“या पानावर ऑक्सिजनचा आकडाही घालायचाय,” नाना म्हणाले. “तू करशील?”

“करीन. आधी सांगा, तो आणखी कुणाकुणाला लागतो?”

नानांच्या थकलेल्या चेहऱ्यावर हसू आलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणीच आधी विचारला नव्हता.

मावशींनी सूप संपवलं. “उद्या मला पुन्हा उतरायचंय. निघताना कुठला आकडा बघू?”

“कुठलाही बघा, मावशी,” यामिनी म्हणाली.