पोर्ट तपासला, ठीक आहे

तुम्ही कधी न पाहिलेली गोष्ट ‘पाहिली’ म्हणून सांगितली आहे काय?

उत्तर मला देऊ नका. ते ज्याचे त्याने आपल्यापाशी ठेवावे. वीज यायला अजून अवकाश आहे, गच्चीवर वाराही आहे, आणि मीरा, उद्या तू नव्या नोकरीवर रुजू होणार आहेस. म्हणून आजच सांगतो. विनता, तूही ऐक. भीती वाटली तर ताईचा हात धर, पण मध्येच उठू नकोस.

दिवाकर बोंद्रे हा आपल्या रांझीतलाच. त्याचे वडील आणि मी कारखान्यात एका पाळीला होतो. मुलगा हुशार निघाला, संगणकाचे काम शिकला आणि कमानिया गेटजवळ कार्यालय असलेल्या एका ठेकेदाराकडे लागला. हे सारे त्याने स्वतः माझ्यासमोर बसून सांगितले आहे. मी पदरचा एक शब्द घातलेला नाही.

छत्तीसगड वेगळे झाले त्याला तीन वर्षे होत आली होती. बरगी धरणाच्या खालच्या अंगाला, नर्मदेच्या काठी एक गाव आहे. नाव सांगत नाही. धरणाची दारे उघडली की तिथे पाणी झपाट्याने चढते. म्हणून घाटाच्या वर एक खोली बांधली होती आणि खोलीत एक संगणक ठेवला होता. पाण्यातल्या मापकाची तार त्या संगणकाच्या पाठीमागे पोर्टात बसवलेली. पाणी खुणेपर्यंत आले की मापकाने संगणकाला कळवायचे, आणि संगणकाने भोंगा वाजवायचा. त्या भरवशावर गावाने झोपायचे.

“कोणता पोर्ट, आजोबा?”

सीरियल पोर्ट म्हणत त्याला.

“टीव्हीच्या सीरियलसारखा? रोज थोडं थोडं?”

हसू नकोस विनता, तू नकळत बरोबर बोललीस. एकामागून एक, एकेक अक्षर, अशीच त्याची रीत. नऊ पिना असतात. तिसऱ्या पिनेतून शब्द बाहेर जातो, दुसरीतून आत येतो. पोर्ट चालतो की नाही हे पाहायचे असेल तर मापकाची तार काढायची, दुसरी आणि तिसरी पिन तारेच्या तुकड्याने जोडायची आणि काहीही टाईप करायचे. आपण धाडलेला शब्द फिरून आपल्याकडे आला आणि पडद्यावर उमटला, तर पोर्ट जिवंत. नाही उमटला तर मेलेला. दोन मिनिटांची परीक्षा आहे.

पण त्यात एक पळवाट असते. पडद्यावर एके ठिकाणी खूण केली की टाईप केलेले अक्षर संगणक आपले आपणच दाखवतो. मग ते बाहेर गेलेले नसले तरी दिसते. पाहणाऱ्याला वाटते, परत आले.

सहा जून, शुक्रवार. दिवाकर ठेकेदाराच्या वतीने त्या खोलीत तपासणीला गेला. संगणक भिंतीतल्या कोनाड्यात होता, त्याची पाठ भिंतीकडे, आणि कोनाड्यात गांधीलमाश्यांचे पोळे. चारची बस शेवटची. खोलीची राखण सुखराम नावाच्या मासेमाराकडे होती. त्याला अक्षरओळख नव्हती, पण संगणकाला तो रोज उदबत्ती ओवाळी.

“नर्मदे हर, भैया.”

“हर हर,” दिवाकर म्हणाला.

“अरे, ऐसे नहीं. हम कहें नर्मदे हर, तो आप कहो, जिंदगी भर. आधा जवाब मैया नहीं लेती.”

दिवाकर हसला. त्याने घड्याळ पाहिले, पोळे पाहिले, आणि पडद्यावर ती खूण केली. दोन शब्द टाईप केले. ते उमटले. सुखराम मागून कौतुकाने पाहत होता.

“जांच लिया?”

“हां, जांच लिया.”

“तो बरसात में सो जाऊं?”

“आराम से सो, सुखराम भाई.”

कागद छापून घेतला. त्याखाली लिहिले: पोर्ट तपासला, ठीक आहे. सही केली. बस मिळाली.

सत्तावीस ऑगस्टला पहाटेच्या आधी नदी चढली. भोंगा वाजला नाही. सुखराम घाटाला बांधलेल्या नावेत झोपला होता. नाव तिसऱ्या दिवशी सापडली, तो चौथ्या. गावाची सात जनावरे वाहून गेली.

लोक जाब विचारायला गेले. ठेकेदाराने कागद पुढे केला. पोर्ट तपासलेला, खाली इंजिनिअरची सही. मग भोंगा का वाजला नाही? तार कोणीतरी ओढली असणार. किल्ली कोणाकडे होती? सुखरामकडे.

एवढ्यावरून निवाडा झाला. सुखरामच्या तेरवीला, तेराव्या दिवसाच्या जेवणाला, गावातून कोणी आले नाही. त्याची बायको, गीताबाई, वाढलेली पाने तशीच नदीला देऊन आली. त्यानंतर ती दर आठ दिवसांनी बसने कमानिया गेटला येई आणि कार्यालयाच्या पायरीवर बसे. दुसरे काही मागत नसे. “मेरे आदमी ने तार को हाथ नहीं लगाया. एक बार फिर जांच लो. फिर जो लिखोगे, मान लूंगी.”

शेवटी ठेकेदार दिवाकरला म्हणाला, “एकदा जाऊन ये. ती म्हातारी पायरी सोडत नाही.”

बुधवार, एकोणीस नोव्हेंबर, दोन हजार तीन. दिवाकर पाच वाजता कामावरून घरी आला आणि मोटारसायकल काढली.

“आता काहून निघून राहिले?” पुष्पा, त्याची बायको, दारात आली. “अंधार पडते लवकर. उद्या जा ना जी.”

“उद्या आपल्या शकूच्या शाळेत बोलावलं आहे ना. एक तार जोडायची, दोन शब्द लिहायचे. नऊच्या आत येतोच.”

“पहिल्या वेळेलाच नीट पाहायचं असतं मग.”

ती सहज बोलली होती. तिला काही ठाऊक नव्हते. दिवाकर म्हणाला, काका, मी स्वेटर घालत होतो, माझे हात बाहीतच थांबले.

साडेसहाला तो गावात पोचला. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणार होता. गीताबाई कंदील घेऊन आधीच खोलीपाशी उभी होती. तिने कुलूप काढले.

“उस दिन आप बस के टैम में थे, भैया. आज तो गाड़ी है.”

“हां.”

“छत्ता मैंने जला दिया है. मशीन भी घुमाके रखी है. आपको तकलीफ न हो.”

ती कंदील घेऊन घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. खोलीत पिवळा दिवा होता. संगणकाची पाठ आता समोर होती. नऊ पिना स्वच्छ दिसत होत्या.

या वेळी त्याने परीक्षा रीतीने केली. मापकाची तार काढली. दुसरी आणि तिसरी पिन जोडली. ती खूण काढून टाकली. टाईप केले.

पडदा कोरा.

तार काढून पुन्हा जोडली. कोरा. तिसऱ्यांदा… कोरा.

पोर्ट मेलेला होता. जूनमध्येही मेलेलाच असणार. सुखरामने तारेला हात लावलेला नव्हता.

तेव्हा एक वाट सरळ होती. कागदावर खरे लिहायचे आणि पायरीवर बसलेल्या बाईला सांगायचे, तुझा माणूस निर्दोष आहे, चूक माझी. नोकरी गेली असती, अब्रू गेली असती. पण ती त्याची स्वतःची. दुसऱ्याची नव्हे. माणसाला देव अशी वाट दाखवतो, तेव्हा ती फार वेळ उघडी राहत नाही.

दिवाकरने पुन्हा ती खूण केली. ‘टेस्ट ओके’ असे दोन शब्द टाईप केले. ते उमटले. प्रिंटर खरखरला, कागद अर्धा बाहेर आला. सोबतच्या अहवालावर त्याने पुन्हा तेच लिहिले. पोर्ट तपासला, ठीक आहे. सही केली.

मग त्याने पडदा पुसला, खूण काढली, आणि पिनांवरची तार सोडवून खिशात टाकली. आता पोर्टाला काहीच जोडलेले नव्हते. मापकाची तार जमिनीवर पडली होती.

तो उठत होता.

पडद्यावर एक अक्षर आले.

त्याचा हात कळफलकावर नव्हता. हे त्याने मला दोनदा सांगितले. मग दुसरे अक्षर. तिसरे. सावकाश… जसे कोणी एकेक अक्षर दुसऱ्याला विचारून लिहीत आहे. अक्षरे इंग्रजी होती. बोली इंग्रजी नव्हती.

नर्मदे हर.

बाहेर नदीचा आवाज थांबला होता. की त्याला ऐकू येत नव्हता… ते त्याला सांगता आले नाही.

तो उभा राहिला. पडद्यावर पुढची ओळ सुरू झाली.

जांच लिया?

दाराबाहेर कंदील दिसत होता. गीताबाई पाठमोरी होती. हाक मारावी असे त्याला वाटले. पण नजर पुन्हा पडद्याकडे वळली.

ओळ तशीच थांबली. वाट पाहत.

“मग त्यानं काय केलं, आजोबा?”

त्याला दुसऱ्यांदा विचारले होते, मीरा. ज्याला जूनमध्ये फसवले त्यानेच विचारले होते. रागाने नव्हे, पूर्वीसारखेच. खरे बोलायला अजूनही जागा होती.

दिवाकरने एक बोट पुढे केले. चार अक्षरे दाबली.

हां.

पडद्यावर ती उमटली नाहीत. उमटणार कशी? खूण काढलेली होती. तार नव्हती. पोर्ट मेलेला.

काही क्षण… काहीच नाही.

मग ओळ आली. शेवटची.

जिंदगी भर.

दिवाकरने संगणकाचा खटका बंद केला. प्रिंटरमधला कागद फाडून घेतला, न वाचता घडी घातली, अहवालासह पाकिटात कोंबला. बाहेर आला. गीताबाईने विचारले, “क्या निकला, भैया?” त्याने मोटारसायकलला किक मारून वाट धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराने पाकीट उघडले. गीताबाई पायरीवर होतीच, तिला त्याने आत बोलावून घेतले होते. अहवाल वाचला. मान डोलावली. मग छापील कागद उलगडला आणि बराच वेळ पाहत राहिला.

“दिवाकर, हे काय छापलं तू?”

‘टेस्ट ओके’ त्या कागदावर नव्हते. चार ओळी होत्या. नर्मदे हर. जांच लिया. त्याखाली हां. त्याखाली जिंदगी भर. त्या ओळी पडद्यावर आल्या त्याच्या आधीच कागद प्रिंटरमधून बाहेर आला होता. नंतर प्रिंटर चाललाच नव्हता. आणि ‘हां’ तर पडद्यावरही उमटले नव्हते.

ठेकेदाराने ओळी मोठ्याने वाचल्या. गीताबाईने पदर तोंडाशी नेला. ती रडली नाही. “ये तो उन्हीं का बोल है,” एवढेच म्हणाली.

दिवाकर खाली बसला. जूनपासूनचे सगळे त्याने तिथेच, तिच्यासमोर सांगितले. गांधीलमाश्या, बस, ती खूण, कालची रात्र. काही लपवले नाही. मार्गशीर्षात गावाने सुखरामची तेरवी पुन्हा केली. सगळे गाव जेवले. दिवाकरही गेला होता. गीताबाईने त्याला पान वाढले. तो पाया पडायला वाकला तेव्हा ती म्हणाली, “मेरी तरफ से माफ है. आगे मैया जाने.”

त्या सकाळी ठेकेदाराने त्याच्याकडून कबुली लिहून घेतली होती. दिवाकरने दोन पाने सुवाच्य अक्षरात लिहिली. सही करायला पेन खाली आणला. ‘दि’ काढला… आणि हात थांबला. पुन्हा प्रयत्न केला. थांबला. तिथे सर्वांना वाटले, घाबरला आहे, उद्या करील.

“मग?”

नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी हात तपासला. दोष निघाला नाही. दिवाकर आजही सारे लिहितो. भाजीची यादी लिहितो, पत्र लिहितो, रोज सकाळी एक पान रामनाम लिहितो. फक्त स्वतःचे नाव त्याला लिहिता येत नाही. त्याच्या हातची शेवटची सही आहे ती त्या खोट्या अहवालावर.

गेल्या वैशाखात त्याच्या मुलीचे, शकूचे, लग्न नोंदवायला आम्ही कचेरीत गेलो होतो. मी साक्षीदार होतो. बाबूने फॉर्म फिरवून दिवाकरपुढे ठेवला. “आप पढ़े-लिखे हैं, यहां साइन कर दीजिए.” दिवाकरने पेन घेतला. धरून बसला. मागे रांग होती. जावई जमिनीकडे पाहत होता.

पुष्पाने पिशवीतून शाईची डबी काढली. ती आता तिच्यापाशीच असते. तिने त्याच्या हातातला पेन सोडवला, त्याचा डावा अंगठा धरला, शाईवर दाबला, आणि मुलीच्या नावाखाली जिथे ‘वडील’ असे छापले होते, तिथे टेकवला.