इल्होमची उष्टी रोटी

मार्गिलान शहरातल्या आमच्या घराला भिंतीला भिंत लागून एक घर आहे, कुलूप लावलेलं. त्या घराची ही गोष्ट. मामंजींनी आम्हाला ती या हिवाळ्यात सांगितली, वीज गेली होती त्या रात्री. संदलीखाली, म्हणजे बुटक्या मेजाखाली, निखारे होते, वर रजई, आणि रजईत पाय घालून आम्ही सगळे बसलेलो. दीर, जाऊबाई, दोन चुलत नणंदा, आणि माझ्या मांडीवर माझी मुलगी. ते सांगत गेले तसंच लिहिते.

मामंजी तेव्हा टॅक्सी चालवायचे. एका गुरुवारी सकाळी सोबिरजोन त्यांच्याकडे आला. "होशिमकाका, गाडी काढा. नोंदणी कचेरीत जायचंय. आज घर माझ्या नावावर लागतंय."

सोबिर चार भावांतला तिसरा. बापाचं घर धाकट्याचं, ही आपली रीत. त्यामुळे त्याला आपलं असं काहीच मिळणार नव्हतं. बायको मुहाय्यो बाळंतीण, चाळीस दिवसांचा चिल्ला अजून सरायचा होता, आणि भावांच्या बायका तिला आतापासून विचारायला लागल्या होत्या, "मग, कधी जाताय?" म्हणून त्यानं आमच्या शेजारच्या खोसियत मावशीचं घर घेतलं. मावशी विधवा. लेक तिला आपल्याकडे न्यायला बसली होती.

"कचेरीत काय गर्दी!" मामंजी म्हणाले. "खिडकीतल्या बाईनं कागद चाळले आणि म्हणाली, 'या घरावर अजून एक नाव आहे. इल्होम. तो कुठंय? सही लागेल.' मावशी खाली बघत बसली. मग लेकीनं कोर्टाचा कागद पुढं केला. भाऊ रशियात कामाला गेला, वर्षानुवर्षं पत्ता नाही, कोर्टानं तो मेला असं धरलंय. 'मग झालं,' असं म्हणून बाईनं पट्टी ठेवली आणि नावावर रेघ मारायला पेन उचललं. तेव्हा मावशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, 'बाई, जरा हळू मारा.'"

जाऊबाईंनी मामंजींच्या पेल्यात चहा ओतला.

"संध्याकाळी किल्ली देताना मावशी सोबिरला म्हणाली, 'मी राजी आहे. घर तुझं, जर्दाळूचं झाड तुझं, तंदूर तुझा. पण ती भिंतीवर खिळ्याला टांगलेली रोटी इल्होमची आहे. जाताना त्यानं एक घास तोडलाय, उरलेली येऊन खायची आहे त्याला. तो माझ्या लेकीच्या दारात नाही येणार, इथंच येणार. रोटी हलवू नको.' सोबिर हसला. 'मावशी, मी काय उंदीर आहे का? कुऱ्हाडीनंही तुटायची नाही ती.'"

"हसायला नको होतं," जाऊबाई हळूच म्हणाल्या.

"हसू दे गं. घर मिळालेला माणूस हसणारच." मामंजींनी चहाचा घोट घेतला. "मावशीचं एक होतं. दर गुरुवारी मेलेल्या नवऱ्यासाठी तेल तळायची, म्हणजे कढईत नुसतं तेल कडकडीत तापवायची. मेलेल्यांना वास पोचतो, ते तृप्त होऊन जातात. पण इल्होमच्या नावानं तिनं कधी तेल तळलं नाही. मेलेल्याला वास, जित्याला रोटी. कोर्ट काही का म्हणेना."

त्याच संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, सोबिरनं बायको, बाळ, पाळणा, रजया सगळं आणलं. कापूस वेचून झाला होता, आणि वर्षातला पहिला कडाका त्याच रात्री पडला. बाळाच्या बाजूला वारा लागू नये म्हणून पडदा बांधायचा होता. सोबिर भिंतीत खिळा ठोकायला लागला. तिसऱ्या घावाला शेजारच्या खिळ्यावरची रोटी खाली पडली आणि तिचे तुकडे झाले.

"आता रोटी जमिनीवर पडली तर आपण काय करतो?" मामंजींनी विचारलं.

"उचलून चुंबतो, कपाळाला लावतो," धाकटी नणंद म्हणाली.

"आणि मग?"

"खातो. टाकायची नसते."

"तेच केलं त्यानं. लहानपणापासूनची हाताची सवय ती. तुकडे गोळा केले, चुंबले, कपाळाला लावले, वाडग्यातल्या चहात भिजवले आणि खाऊन टाकले. मुहाय्यो दुसऱ्या खोलीतून आली आणि किंचाळली, 'अहो, काय केलंत! ती परदेशी गेलेल्याची होती!' तो म्हणाला, 'पायदळी जाऊ देऊ का मग? आणि कोण येणार आहे खायला? रेघ माझ्यासमोर मारलीय.'"

मामंजींनी रिकामा पेला खाली ठेवला.

रात्रीची शेवटची नमाज होऊन गेल्यावर बाळाला ताप भरला. अंग भट्टीसारखं. दूध ओढेना, रडेनाही.

"रडत नव्हतं?" मी विचारलं. माझ्या तोंडून गेलंच.

"नाही, सूनबाई. नुसतं बघत होतं."

सोबिर मामंजींना बोलवायला निघाला. अंगण ओलांडलं, फाटकाची कडी काढली, उंबऱ्याबाहेर पाय टाकला. आणि तो अंगणातच उभा होता. समोर घर, पाठीमागे फाटक. त्याला वाटलं, घाईत वळलो असेन. परत गेला. पाय टाकला. पुन्हा समोर घर. आतून मुहाय्यो ओरडत होती, "जा ना! उभे काय राहताय?"

मग तो मधल्या भिंतीपाशी आला आणि मामंजींना हाका मारायला लागला.

"मी शिडी लावून वर चढलो. हातात बॅटरी होती. उजेड त्याच्या तोंडावर टाकला..."

निखारा फुटला. आम्ही सगळे दचकलो.

"इल्होम होता. माझ्या डोळ्यांसमोर वाढलेला पोरगा. जरा वाळलेला. केस कपाळावर आलेले. पण तोच. माझ्या तोंडातून निघालं, 'इल्होम, आलास रे?' आणि त्या तोंडातून सोबिरचा आवाज आला. 'काका, मी सोबिर. बाळाला ताप आहे. गाडी काढा. मला बाहेर पडता येत नाहीय.'"

"तुम्ही पळाला नाहीत?" दिरानं विचारलं.

"पळणार होतो. पण 'बाळ' असं म्हणाला ना तो."

मामंजींनी गाडी फाटकाशी आणली. बाळंतिणीनं दिवस मावळल्यावर उंबरा ओलांडायचा नसतो, पण मुहाय्यो बाळाला छातीशी गुंडाळून सरळ बाहेर आली. तिला काही झालं नाही. तिच्या मागून त्यानं पाय टाकला. मामंजी बाहेरून बघत होते. बूट उंबऱ्यावरून बाहेर आला, गुडघा आला... आणि पुढच्या क्षणी त्यांना त्याची पाठ दिसत होती. घराकडे चाललेली.

मुहाय्योनं वळून पाहिलं नाही. "चला काका," एवढंच म्हणाली. "चला."

ते दवाखान्यात गेले. तो आत राहिला. एकटा.

"पुढचं त्यानं मला सांगितलेलं. त्यानं फाटक लावून घेतलं. का लावलं, त्यालाच कळलं नाही. थोड्या वेळानं कडी वाजली. हळू. घरातलं माणूस उशिरा आलं की वाजवतं तशी."

"'आई, उघड.'"



"'मी आलो.'"

"सोबिरनं कडी घट्ट धरली. मग..."

"'भूक लागलीय.'"

"रोटी नव्हती. वाडगं रिकामं."

"बाहेरच्यानं विचारलं, 'आत कोण आहे?'"

"सोबिरला नाव सांगायचं होतं. कागद त्याच्या खिशात होता. घर त्याचं. तोंड उघडलं. जीभ हलली. नाव आलं नाही."

"पुन्हा विचारलं. 'आत कोण आहे?'"

"नाव आलं नाही..."

पहाटेपर्यंत एक जण आत आणि एक बाहेर. मध्ये नुसती फळी. एकाला आत येता येईना, त्याची जागा भरलेली. दुसऱ्याला बाहेर जाता येईना.

मुहाय्योला आणि बाळाला दवाखान्यात पोचवून मामंजी थेट मावशीकडे, तिच्या लेकीच्या घरी गेले आणि उजाडता उजाडता तिला घेऊन आले. फाटकाबाहेर कुणी नव्हतं. मावशी आत गेली. अंगणातल्या माणसाकडे पाहिलं. रडली नाही. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, केस कपाळावरून मागे सारले, आणि म्हणाली, "किती वाळलास." मग बाह्या वर करून पीठ मळायला बसली. तंदूर पेटवला. गरम रोटी त्याच्यापुढं धरली.

"एक घास तोड बाळा, आणि जा. या वेळी मी वाट बघणार नाही."

त्यानं घास तोडला. चालत फाटकाबाहेर गेला. बाहेर उजेडात मामंजींनी पाहिलं तर सोबिर. गालावर पीठ लागलेलं, डोळे लाल. उरलेली रोटी मावशीनं भिंतीवर लावली नाही. चुरून चिमण्यांना टाकली. मग तिनं कढई मागितली आणि पहिल्यांदा लेकाच्या नावानं तेल तळलं. मामंजी म्हणाले, धूर सगळ्या गल्लीत पसरला.

"आणि बाळ?" मी म्हटलं.

"बाळाचा ताप सकाळीच उतरला गं. आता शाळेत जातो तो, शिक्षकाच्या नाकी नऊ आणतो."

मी मांडीवरच्या मुलीला जवळ ओढलं.

"मुहाय्यो त्या घरात परत गेली नाही. सोबिर म्हणाला, विकतो आणि दुसरीकडे दोन खोल्या घेतो. गिऱ्हाईक मिळालं. चांगला माणूस होता. मीच त्यांना कचेरीत नेलं. खिडकीत तीच बाई. कागद तयार होते. बाई म्हणाली, 'इथं सही करा.' सोबिरनं केली. तिनं जुनी सही काढून बघितली. 'ही तुमची नाही. नीट करा.' यानं दुसरी केली. बाई चिडली. 'अहो, पासपोर्ट तुमचा, तोंड तुमचं. सही कुणाची करताय?' सोबिर माझ्याकडे वळला. मला म्हणाला, 'काका, मी माझीच करतोय.' मागची माणसं ओरडायला लागली. मग त्यानं सही सोडली. म्हणाला, नुसतं नाव लिहितो, शाळेत लिहायचो तसं, एकेक अक्षर. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. हळूहळू लिहिलं..."

मामंजींनी निखारे वर-खाली केले.

"मग?" दीर म्हणाला.

"मग काय. घर त्याच्याच नावावर आहे. विकता येत नाही, राहता येत नाही. भावाच्या घरात एका खोलीत आहेत तिघं."

"पण लिहिलं काय त्यानं?"

"बाईनं कागद फिरवून आमच्यासमोर सरकवला. पहिलं अक्षर 'इ' होतं."