शेवटी आलेली, आधी गेलेली

“मादिपुओ, आहात का घरात?” शेजारणीने फाटकातूनच हाक मारली, आणि स्टोव्हपाशी बसलेली म्हातारी मान वरही न करता म्हणाली, “त्या नावाची बाई इथे राहत नाही. आजपासून मला माकेनेवे म्हणायचं.”

तिच्या थोरल्या लेकीच्या, दिपुओच्या, हातातलं भांडं हातातच राहिलं. आमच्याकडे बाईला पहिलं लेकरू झालं की ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. तिचं स्वतःचं नाव माहेरी राहतं आणि मरेपर्यंत ती त्या थोरल्या लेकराची आई म्हणूनच जगते. दिपुओची आई, म्हणून मादिपुओ! आणि तेच नाव आज त्या माउलीने थोरलीच्या देखत जुन्या फडक्यासारखं टाकून दिलं, धाकटीचं नाव अंगावर घेतलं... कुठल्या आईने असं केलं असेल हो? शेजारीणसुद्धा ओशाळून आल्या पावली परत गेली.

गुन्हा तरी काय होता पोरीचा? मासेरू या आमच्या राजधानीतल्या एका शिलाई कारखान्यात ती जीन्सच्या खिशांवर टाके मारायची आणि तिच्या ओळीतल्या बायकांनी तिला युनियनची प्रतिनिधी म्हणून निवडून दिलं होतं. परदेशातल्या ऑर्डरी आटल्या, कंपनीने माणसं कमी करायचं ठरवलं, आणि वाटाघाटीला बसल्यावर दिपुओने एकच गोष्ट घट्ट धरली. कपात टळत नसेल तर ती नियमाने व्हावी. शेवटी कामावर आलेली बाई आधी जाईल. पुन्हा काम आलं की जिची नोकरी जास्त जुनी ती आधी परत येईल. कुणाचं तोंड बघून नाही, कुणाच्या मर्जीने नाही! सगळ्या बायकांनी हात वर करून तिला पाठिंबा दिला.

आणि सगळ्यांत शेवटी कोण आली होती? केनेवे. तिची धाकटी बहीण, जिला दिपुओनेच चार ठिकाणी शब्द टाकून तिथे चिकटवली होती.

चहाच्या सुट्टीत कामगारांचं बघणारे रामाइली साहेब तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. हळू, गोड आवाजात म्हणाले, “तुझ्या बहिणीला पॅकिंगमध्ये सरकवतो. तू फक्त ती अट सोड. कोणाला ठेवायचं, ते कामाकडे बघून आम्ही ठरवू.”

कामाकडे बघून! म्हणजे जिला दिवस गेलेत ती, जी खोकते ती, जी सभेत तोंड उघडते ती बाहेर... हे दिपुओला काय सांगायला हवं होतं? तिच्या डोळ्यांपुढे केनेवेचा चेहरा आला, लहानपणी तिच्या पाठीवर ब्लँकेटमध्ये बांधलेली ती इवलीशी केनेवे, आणि तिचं अंतःकरण पिळवटून निघालं. नुसतं गप्प बसायचं होतं, दुसरं काही नाही. पण एवढ्या बायकांनी विश्वासाने वर केलेले हात ती कुठे ठेवणार होती? “नाही, साहेब,” ती म्हणाली, आणि चहा तसाच ठेवून आत गेली.

अट मान्य झाली, केनेवेची नोकरी गेली; साहेबांचं ते बोलणं तरी झाकून ठेवायचं की नाही? पण ही सरळमार्गी पोर घरी आली आणि आईसमोर, बहिणीसमोर सगळं खरं खरं सांगून बसली. काय म्हणावं या खुळीला! केनेवे रडली नाही, भांडली नाही. कपडे पिशवीत भरता भरता एवढंच म्हणाली, “परक्या बायकांसाठी तू मला विकलंस, ताई.” दुसऱ्या दिवशी ती सीमेपलीकडे काम शोधायला निघून गेली, आणि त्याच दिवशी म्हातारीने आपलं नाव बदललं.

त्यानंतर त्या घरात दोघी राहिल्या, पण बोलणं संपलं. दिपुओ पगाराचं पीठ आणायची, मक्याचा घाटा नि पालेभाजी शिजवून आईपुढे ठेवायची; आई जेवायची, पण तिच्याकडे न बघता. पुढे म्हातारीने अंथरूण धरलं. दिपुओ कारखान्यातून येऊन तिला धुवायची, पुसायची, कूस बदलून द्यायची, आणि प्रत्येक वेळी मनात वेडी आशा धरायची की आज तरी आई आपल्याला हाक मारील... आज तरी! शेवटच्या दिवशी म्हातारीने डोळे उघडले, दिपुओचा हात चाचपला आणि विचारलं, “केनेवे आली का गं?” दिपुओ “हो” म्हणाली. आईच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं आणि त्या समाधानातच ती गेली.

केनेवेला निरोप पाठवला होता, पण त्या पत्त्यावर ती आता राहत नव्हती. दफनाच्या वेळी पाद्रीबाबांनी हळूच विचारलं, कोणत्या नावाने प्रार्थना म्हणू? सगळं गाव दिपुओच्या तोंडाकडे बघत होतं. ती म्हणाली, “माकेनेवे म्हणा, बाबा. तिला तेच आवडायचं.”

आणि माती अजून ओली असताना केनेवे दारात उभी राहिली. आईचं जाणं, तिचं बदललेलं नाव, सगळं तिला वाटेतच शेजारणीने सांगितलं होतं. गाल आत गेलेले, अंगावर कुणाचा तरी पुरुषी कोट, आणि कोटाखाली पोट. दिपुओने तिला काही विचारलं नाही, घरात घेतलं, पाणी तापवलं, तिचे पाय शेकले. मग केनेवे बोलू लागली.

“तिकडे युनियन नव्हती, ताई. काम कमी झालं तेव्हा मालक ओळीतून चालत आला. ज्या बाईच्या खांद्यावर हात ठेवायचा ती उठून जायची. मी पोट मशीनखाली दडवून बसले होते... हात आलाच. बाहेर येऊन बघते तर सगळ्या पोटुशा आणि आजारीच. तेव्हा कळलं मला, तू कुणाला वाचवलंस ते.”

इतकी वर्षं आत दाबून धरलेले अश्रू दिपुओच्या गालांवरून घळघळा वाहू लागले. तिने बहिणीला छातीशी धरलं. आई गेली, आपल्याला टाकून गेली. आता हीसुद्धा जायची का? छे! तिच्यातली ती करारी बाई त्या क्षणी पार विरघळली.

“उद्या मी रामाइली साहेबांकडे जाते,” ती हुंदके देत म्हणाली. “परत बोलावणं सुरू झालंय. मागतील ते कबूल करीन, पण तुला आत घेते.”

“माझ्याआधी कामाला लागलेल्या अजून बाहेर आहेत?”

दिपुओने होकारार्थी मान हलवली.

“मग त्या आधी जातील,” केनेवे म्हणाली. “आईने माझ्यासाठी तुला टाकलं. तू आता माझ्यासाठी त्यांना टाकू नकोस.”

“अगं, तुझे दिवस भरत आलेत...”

“भरू देत.”

सोमवारी पहाटे सगळीकडे हिमाचा थर होता. कारखान्याच्या फाटकाबाहेर नेहमीप्रमाणे बायका ब्लँकेटं लपेटून बोलावण्याची वाट बघत होत्या, आणि त्यांच्या रांगेत अगदी शेवटी, पोटावर दोन्ही हात धरून, केनेवे उभी होती. ओळखपत्र दाखवून आत शिरताना दिपुओ थांबली. ती वळली.

“जा ताई,” केनेवे म्हणाली. “तुला उशीर होईल.”