कोठारातल्या खडूच्या रेघा

"तुला यातलं काय कळतं गं, ताई? तू आपली द्राक्षं सांभाळ!"

धाकट्या भावाचे शब्द जेवणाच्या टेबलावर आदळले आणि ताईच्या हातातला घास हातातच राहिला. आईनं मान खाली घातली. ताई मात्र हसली... वर्षानुवर्षं गिळलेले हुंदके माणसाला जसं हसायला शिकवतात, तसं!

ती एवढंच म्हणाली होती, की मळ्यातल्या जुन्या धान्यकोठाराचं दुकान आणि वाइन चाखायचं दालन करायचं, तर पश्चिमेची जाड दगडी भिंत पाडून तिथं काच बसवू नका. दुपारचं ऊन थेट बाटल्यांवर येईल, वाइन नासेल. पण वाइन बनवण्याचं शिक्षण घेऊन आलेल्या भावाला ते कसं रुचावं? आराखडा शहरातल्या नामांकित आर्किटेक्टबाईंचा होता!

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई एकटीच कोठारात गेली. पंचवीस वर्षं तिनं तिथं पोती रचली होती. कुठल्या तुळईवर माळ्याचा भार आहे, कुठल्या झरोक्यातून वारा शिरतो, हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. बाह्या सरसावून तिनं खडू घेतला आणि फरशीवर खऱ्या मापात रेघा ओढायला सुरुवात केली. पश्चिमेच्या गार भिंतीलगत बाटल्यांचे कप्पे. उत्तरेला, जिथून पूर्वी गाड्या आत यायच्या, त्या रुंद दाराला काच, कारण तिथला उजेड दिवसभर शांत असतो, पेल्यातला रंग खरा दिसतो... आणि त्या उजेडात, माळ्याच्या जुन्या फळ्यांचं लांबलचक टेबल! कुणाला दाखवायचं नव्हतंच. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, हाताला हवं ते करू द्यायचं होतं.

आठवड्यानं आर्किटेक्टबाई पाहणीला आल्या आणि दारातच थबकल्या. मग रेघांवर पाय पडू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेनं चालत त्यांनी सगळं कोठार पाहिलं.

"हे कुणी आखलं?"

भाऊ गोरामोरा झाला. "आमच्या ताईनं... पुसून टाकतो आम्ही."

"खबरदार! पुसायचाच असेल तर माझा आराखडा पुसा. कुठं शिकलात हो तुम्ही?"

प्रश्न ताईला होता. बोलली ती आई.

"आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होती, वर्गात पहिली! हिचे बाबा गेले, द्राक्षं काढणीला आलेली, हा बारा वर्षांचा... 'मला अभ्यासाचा कंटाळा आलाय' असं खोटंच सांगून परत आली. ह्याला कळू द्यायचं नाही म्हणून मला शपथ घातली. इतकी वर्षं तोंडाला कुलूप लावलं मी... आता नाही सोसवत!"

भावाच्या काळजात चर्र झालं. 'कंटाळाताई!'... लहानपणापासून याच नावानं त्यानं तिला चिडवलं होतं, चारचौघांत, पाहुण्यांसमोर! आणि ती हसत 'ओ' देत राहिली होती! तो मटकन खाली बसला.

"ताई, एकदा तरी सांगायचंस गं!"

"सांगितलं असतं, तर तू शिकायला गेला असतास?" तिचे डोळे भरून आले. "आणि ऊठ आधी, माझ्या टेबलावर बसलायस!"

रडता रडता सगळेच हसले.

पुढच्या सात महिन्यांत त्या रेघांवर एकेक वस्तू उभी राहिली. आर्किटेक्टबाईंनी नकाशावर ताईचं नाव आपल्या नावाच्या वर घातलं. दुकान उघडलं त्या दिवशी आत येणारा जो तो आधी उत्तरेच्या उजेडाकडे ओढला जाई. मग हळूच टेबलावरून हात फिरवी, वरच्या तुळयांकडे मान वर करून बघत राही.

थोड्याच दिवसांनी बाईंची गाडी पुन्हा फाटकात आली. "एका जुन्या गिरणीचं काम आलंय. येता?"

"आत्ता? छाटणी तोंडावर आलीय..."

भावानं तिच्या हातातली कात्री काढून घेतली. "छाटणी मी करीन."

"एक जरी वेल वाकडी कापलीस ना..."

"तर येऊन ओरड. पण आता जा, ताई... जा!"

गाडी निघाली. गिरणीची मापं मांडीवर उलगडून ताई त्यांत अशी बुडाली, की मागं वळून पाहायचं विसरलीच... आणि फाटकाशी उभ्या असलेल्या आईला त्याचंच इतकं सुख वाटलं, की तिला हुंदका आवरेना!