बंद दाराआडच्या आत्याबाई

तक्रार पहिली

कोणाविरुद्ध: धात्री नावाचा यंत्रमानव. मी त्याला टिनपाट म्हणते.
तक्रारदार: केतकी येरगुडे, वय अकरा, चंद्रपूर.
तक्रार थोडक्यात लिहा: थोडक्यात लिहिता येणार नाही.

माझा दादा माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठा आहे. त्याला मुलगी झाली आणि मी अकराव्या वर्षीच आत्या झाले. बाळ सांगलीला, वहिनीच्या माहेरी आहे. रविवारी बारसं. बाळाच्या कानात नाव सांगायचं काम आत्याचं असतं. पाळण्यावर वाकायचं, कानाला तोंड लावायचं, ‘कुर्रर्र’ करायचं आणि नाव सांगायचं. ते नाव मी ठरवलं आहे. अजून कोणालाही सांगितलेलं नाही. आईलाही नाही, आणि ती तर आठ दिवस आधीच सांगलीला येऊन बसली आहे.

बुधवारी मी आणि बाबा नळीगाडीने (हवा काढून घेतलेल्या नळीतून धावणारी गाडी) दोन तासांत सांगलीला पोचलो. दारात टिनपाट उभा होता. बाळ-बाळंतिणीची काळजी घ्यायला दादाने त्याला आणलं आहे. त्याने माझ्या कपाळाला बोट लावलं. अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. ताप नाही. घसा पाहिला. लाल नाही. खोकला नाही, शिंक नाही, काही नाही.

मग त्याने आम्हा दोघांना पाहुण्यांच्या खोलीत घातलं आणि बाहेरून दार लावलं.

“रविवारी सकाळी दहापर्यंत, आत्याबाई.”

माझा प्रश्न एकच आहे. जो आजारी नाही, त्याला कोंडायचं कशासाठी?

ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं म्हणणं (नळीगाडीत मिळालेल्या या तक्रार-अर्जात ही जागा होती, म्हणून मी त्याला दाराआडून विचारलं आणि तो बोलला तसं लिहून घेतलं. माझी इच्छा नव्हती):

“तुम्ही स्थानकातून घरी येत असतानाच निरोप आला. तुमच्या डब्यातल्या एका प्रवाशाला फ्लू झाल्याचं निघालं.”

“मग त्याला कोंड ना.”

“त्यांना त्यांच्या घरच्यांनी वेगळं ठेवलंय. आता नीट ऐका. फ्लू विषाणूमुळे होतो (विषाणू म्हणजे दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याशिवाय वाढू न शकणारा अतिसूक्ष्म कण). प्रवासी खोकले, बारीक थेंब उडाले. त्यातले काही तुमच्या नाकात गेले असतील. एक विषाणू एका पेशीत शिरतो आणि तिला कामाला लावतो. ती त्याच्या शेकडो प्रती काढते. त्या बाहेर पडतात आणि शेजारच्या पेशींत शिरतात.”

“मग मला कळत कसं नाही?”

“सुरुवातीला ते थोडे असतात. शरीराला पत्ता लागायला वेळ लागतो. पत्ता लागला की शरीर लढायला उठतं आणि स्वतःच स्वतःला तापवतं. ताप विषाणू आणत नाही, तुमचं शरीर आणतं. विषाणू शिरल्यापासून पहिलं लक्षण दिसेपर्यंत जो वेळ जातो, त्याला अधिशयन काळ म्हणतात. फ्लूमध्ये तो साधारण एक ते चार दिवसांचा. आणि ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच श्वासातून विषाणू बाहेर पडू लागतात.”

“म्हणजे मी आजारी आहे की नाही?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणून कोंडलंस?”

“हो. माहीत असतं तर सोपं होतं.”

पलंगावर आडवे पडलेले बाबा म्हणाले, “काहून त्याच्याशी भांडतेस वं? त्याला दमच लागत नाही. तूच थकशील.”

मी थकले नाही.

तक्रार दुसरी

कोणाविरुद्ध: आसन क्रमांक चौदा. तपकिरी जाकीट.

आज शुक्रवार. टिनपाटाकडे पुढचा निरोप आला. फ्लू झालेला तो प्रवासी आसन चौदावरचा, म्हणजे माझ्या शेजारचाच; त्याला बुधवारी सकाळपासूनच ताप होता. नळीगाडीच्या फाटकावर प्रत्येकाचं कपाळ मोजतात, म्हणून तो आधी तापाची गोळी घेऊन आला. फाटकाने त्याला सोडलं. मग तो हाताच्या पंजात खोकला आणि त्याच पंजाने मला आवळासुपारी दिली. मी खाल्ली. वर “थँक यू काका” म्हणाले.

माझं थँक यू मला परत हवं आहे.

मी टिनपाटाला विचारलं, “गोळी घेतली तर विषाणू मरत नाहीत?”

“नाही. समजा घरात चोर शिरला आणि भोंगा वाजायला लागला. भोंग्याची तार तोडली, तर चोर जातो का?”

“नाही.”

“ताप हा भोंगा. गोळीने भोंगा गप्प होतो. दुखणं कमी वाटतं, म्हणून आजारी माणसाने ती घ्यावी. पण फाटकाला फसवायला घेतली, तर चोर गाडीत बसून सगळ्यांबरोबर सांगलीला येतो.”

“तो माणूस खोटारडा आहे, नालायक आहे,” मी म्हणाले.

“खोटारडा आहे,” टिनपाट म्हणाला. “दुसरं मला मोजता येत नाही.”

भिंतीपलीकडे बाळ रडत होतं. सव्वातीन किलोचं माणूस, आणि आवाज केवढा. मी तिला अजून पाहिलेलं नव्हतं. वहिनीने फोनवर दाखवते म्हटलं, मी नको म्हटलं. आत्याने भाचीला पहिल्यांदा फोनवर बघायचं?

तक्रार तिसरी

कोणाविरुद्ध:

(ही जागा मी तीन वेळा खोडली.)

रविवार. सकाळी आठला जाग आली तेव्हा पाठ ठेचल्यासारखी दुखत होती. पांघरुणातही थंडी वाजत होती. बाबांची पिशवी उघडून तापमापक लावला. शंभर पूर्णांक आठ. बाबा खोलीतल्याच न्हाणीघरात आंघोळीला गेले होते. त्यांना काही झालेलं नव्हतं. त्यांनी दरवर्षीची फ्लूची लस घेतली आहे.

बाहेर भांडी वाजत होती, पाहुणे येत होते. पिशवीत तापाच्या गोळ्यांचं पाकीट होतं.

मी एक गोळी घेतली.

डोकं दुखत होतं म्हणून घेतली, असं मी लिहू शकते. ते खरंही आहे. पण मी घड्याळ बघून घेतली. टिनपाट दहाला येणार होता.

दहा वाजता त्याने कपाळाला बोट लावलं. मला घाम आला होता.

“अठ्ठ्याण्णव पूर्णांक आठ. बाबांनाही ताप नाही. आत्याबाई, या.”

दार उघडलं. समोर पाळणा. झेंडूची माळ, आई, दादा, नवी साडी नेसलेली वहिनी. वहिनीचे बाबा म्हणाले, “या आत्याबाई. आमच्या सांगलीची लेक आहे, नाव कृष्णाच ठेवायचं बरं का.” सगळे हसले. वहिनीने दुपटं जरा बाजूला केलं. बाळाचं तोंड उघडं होतं. कान तर आवळ्याएवढासुद्धा नव्हता.

त्या कानाला मी तोंड लावणार होते.

“थांबा,” मी उंबऱ्यातूनच म्हणाले. “मला ताप आहे. मी गोळी घेतलीये.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग आई म्हणाली, “केतकी.” एवढंच.

मला इतका राग आला, की कोणाचा ते कळेना. “बघताय काय? दार लावा. टिनपाट, लाव दार.”

बाबा अजून आत माझ्या मागेच होते. त्याने दार लावलं. मी आतून दारावर लाथ मारली. लागलं.

थोड्या वेळाने दाराआडून वहिनीचा आवाज आला. “केतकी, सहा महिने होईपर्यंत हिला फ्लूची लस देता येत नाही. तोवर हिच्याभोवतीची माणसं हीच हिची लस. तू आत्ता जे केलंस ना, ते आत्याचंच काम.”

“पण नाव?”

“सहा दिवस थांबू आपण.”

“पाहुणे जेवून जातील आणि बाळ बिननावाचं राहील?” मी ओरडले. “टिनपाट, आवाजाबरोबर विषाणू दारातून जातात का?”

“नाही. आवाज ही कंपनं असतात, ती लाकडातून जातात. थेंब लाकडात अडतात. फटीला मी टॉवेल लावतो.”

त्याने लावला. वहिनी बाळाला घेऊन दाराच्या पलीकडे, जरा लांबच उभी राहिली. मी लाकडाला तोंड लावलं आणि चिडून, घसा फाटेस्तोवर ओरडले, “कुर्रर्र! इरई!”

बाळ दचकून रडायला लागलं.

वहिनीचे बाबा म्हणाले, “इरई म्हणजे?”

“चंद्रपूरची नदी हाय ना बाप्पा,” माझ्या मागून बाबा म्हणाले.

तक्रार चौथी

कोणाविरुद्ध: (अ) केतकी येरगुडे. शाळेत लस होती त्या दिवशी ही ग्रंथालयात लपली. रविवारी तिनेही फाटकाला, म्हणजे टिनपाटाच्या बोटाला, फसवलं.
(आ) नळीगाडी.

मागणी: मी फसवलं, कारण मला कोणाकडे तरी पोचायचं होतं. आसन चौदालाही कोणाकडे तरी पोचायचं असेल. मी त्याला माफ केलेलं नाही. पण तापलेल्या माणसाला तुम्ही तिकीट बदलून देत नाही. म्हणून तो तुमच्यापासून ताप लपवतो. “ताप आहे” असं जो खरं सांगेल, त्याला पुढच्या आठवड्याची जागा द्या. फाटकावर मुखपट्ट्या ठेवा. लसही तिथेच टोचा. मी हात पुढे करीन.

आत्ता ताप एकशे एक आहे, तरी अक्षर नीट काढलंय. उत्तर द्या. नाही दिलंत तर उद्या पुन्हा लिहीन, परवा पुन्हा लिहीन. या खोलीत मला दुसरं काही काम नाही.