डोळ्यांवरचा लाइट

शनिवार, १४ ऑक्टोबर २०२३. दिवसभर बेचाळीस अंश, वारा अजिबात नाही, रात्र अमावास्येची. लाइट धरायला शिकताय ना पोरांनो, मग ताटातला मक्याचा न्शिमा संपवा आणि ऐका. ज्याच्यावर हे गुदरलं तो जायलोस म्वाले, गाइड, माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा.

त्या संध्याकाळी तो एका जर्मन पाहुण्याला लुआंग्वा नदीच्या काठी बिबट्या दाखवायला निघाला. फोटो काढायचे आणि आठाच्या आत अभयारण्याबाहेर पडायचं, एवढंच काम. सर्चलाइट धरायला शेजारी मातेयो, नवाच.

"हरणाच्या डोळ्यांवर लाइट का धरायचा नाही?" जायलोसनं विचारलं.

"आंधळं होतं ते. मग बिबट्याला आयतं जेवण."

"वा. पुस्तक चांगलं पाठ केलंस."

"आणि माणसाच्या डोळ्यांवर, दादा?"

जायलोसनं गियर बदलला.

वर्षापूर्वी मातेयोच्या जागी एडसन साकाला बसायचा. एका संध्याकाळी दुसऱ्या एका पाहुण्याच्या फोटोत, झाडाखालच्या बिबट्याच्या तोंडापुढे गवताची एक काडी येत होती. जायलोसनं एडसनला खाली उतरवलं आणि लाइट स्वतःच्या हातात घेतला. एडसननं काडी बाजूला धरली.

"जायलोस, डोळ्यांवरून काढ ना. काही दिसत नाही मला."

लाइट हलला असता तर पाहुण्याचा फोटो गेला असता. "थांब, अजून एक," जायलोस म्हणाला. डावीकडून सिंहीण आली.

चौकशीत जायलोसनं सांगितलं, एडसन प्यायला होता, आपणहून उतरला. एडसन तर दारूच्या थेंबाला शिवायचा नाही. त्याची आई सात रविवार जायलोसच्या दारात येऊन बसली.

"चर्चमध्ये उभा राहा आणि खरं काय ते सांग. दुसरं काही मागत नाही."

"काकी, नोकरी जाईल माझी."

सातव्या रविवारी ती उठली. "मग त्यालाच सांग," म्हणाली, आणि परत आली नाही.

तर त्या अमावास्येला, पावणेआठला, बिबट्या दिसला. झाड तेच. जर्मन म्हणाला, "मध्ये काडी येतेय."

"मी उतरणार नाही, दादा," मातेयो म्हणाला.

"तुला सांगतंय कोण? तू लाइट धर." जायलोस हसला आणि स्वतःच उतरला. अकरा पावलं गेला. काडीला हात लावला, तोच मातेयोचा लाइट विझला.

काळोख.

मग लाइट लागला. समोरून. झाडाच्या बाजूनं. थेट जायलोसच्या डोळ्यांत.

"मातेयो, डोळ्यांवरून काढ."

"दादा... माझा बंद आहे."

"मग कोण..."

डावीकडचं गवत हललं. जायलोसनं डोळ्यांवर हात धरला. गाडी कुठे, झाड कुठे, त्याला कळेना.

"एडसन," तो हळू म्हणाला. "तू प्यायला नव्हतास. मीच उतरवलं तुला. चर्चमध्ये सांगतो. उद्या रविवारच आहे..."

लाइट हलला नाही.

गवतातून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "थांब. अजून एक."

सात बावन्नला मातेयोनं वायरलेसवर कळवलं. वीस मिनिटांत वनरक्षक पोचले. त्यांना एक बूट मिळाला. बाकीचं सकाळी मिळालं. त्याच सकाळी मातेयोनं चर्चमध्ये उभं राहून, कानांनी ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. एडसनची आई पहिल्या बाकावर होती.

लाइट विझल्यावर जर्मनानं कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. पोलिसांनी तपासला तेव्हा त्यात शेवटचा फोटो निघाला, सात एक्कावन्नचा. झाडाकडून गाडीकडे काढलेला. त्यात गाडीत जर्मन बसला आहे, कॅमेरा मांडीवर. मातेयोच्या हातात विझलेला लाइट. मध्ये जायलोस, डोळ्यांवर हात धरून. आणि अगदी पुढे, कडेला, दोन बोटांनी गवताची एक काडी बाजूला धरलेली आहे.